गोल टाकीतले मासे

मामेबहिणीच्या शेडमधल्या गोल टाकीत चिलापी मासे इतके दाटीवाटीने भरलेत, की एकमेकांना घासून त्यांच्या शेपट्या झिजल्यात. तेच पाणी गाळून पुन्हा टाकीत गोल फिरवतात.

"रोज तपासते गं मी पाणी," ती म्हणाली. "एकदम चांगलं आहे."

होतंही नितळ. त्या फिरत्या पाण्याविरुद्ध सगळे मासे सारखे पोहत होते आणि होते तिथेच होते. मला आमचं ऑफिस आठवलं. तिथलीही हवा थंडगार, स्वच्छ असते. कोपराला कोपर लागतं, आणि दिवसभर दमूनही संध्याकाळी आम्ही सकाळच्याच जागी असतो.

तेवढ्यात एक मासा त्या गर्दीतून पाण्याच्या ओघाबरोबर आरामात निघाला. फार बरं वाटलं मला.

"हा बघ, कसा मजेत चाललाय!"

"मेलाय तो," बहीण म्हणाली आणि तिने जाळी उचलली.