वीस दगड, अठरा किलोमीटर

हा प्रवास मी चाळीस वर्षे कुणाला सांगितला नाही. म्हणजे अर्धा सांगितला. स्टेपनी (जादा चाक) काढून ठेवून निघालो आणि खुलताबादला पंक्चर झालो, हा भाग मी लग्नांत, बारशांत, निरोपसमारंभांत इतक्यांदा सांगितला आहे की तो सुरू झाला की बायको पाणी आणायला उठते. उरलेला अर्धा हसण्यासारखा नव्हता, म्हणून गाळत आलो. आता बहात्तरी उलटली. सगळे एकदा सरळ सांगून टाकतो.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत शेतीचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी असिस्टंट इंजिनिअर होतो. शहराभोवती नव्या शेड उभ्या राहत होत्या आणि शहरात विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चे निघत होते. आम्ही इंजिनिअर मंडळी पहिल्या गोष्टीला प्रगती म्हणायचो आणि दुसरीला रहदारीची अडचण.

कारखान्याची एक जुनी पेट्रोल जीप होती. पाहुणा जसा चहा पितो तशी ती पेट्रोल प्यायची, विचारले तरी पुरे म्हणायची नाही. मॅनेजरसाहेबांनी इंधन बचतीची जबाबदारी माझ्यावर टाकली. मी एका मासिकातला एक लेख वाचला आणि तज्ज्ञ झालो. माझा सिद्धांत असा होता: मोठे चाक कमी फेऱ्यांत जास्त रस्ता कापते, म्हणून मोठे चाक कमी पेट्रोल खाते. शहागंजमधून लष्करी गाडीचे चार जुने, दांडगे टायर आणून मी ते जीपला बसवले. जीप उंच दिसू लागली. मीही.

ड्रायव्हर सुखदेव टायरांकडे बघत म्हणाला, "साहेब, चाक मोठं झालं. आता काटा कमी दाखवंल." काटा म्हणजे किलोमीटर मोजणारा मीटर.

"तू गाडी चालव," मी म्हणालो. "शास्त्र माझ्याकडे राहू दे."

सुखदेव माझ्याहून दहा वर्षांनी मोठा होता. मी त्याला अरेतुरे करायचो. तेव्हा यात कुणाला काही खटकत नसे. म्हणजे ज्यांना खटकत असे, त्यांना कुणी विचारत नसे.

महिन्याभरात आकडे आले. आधी जीप लिटरला नऊ किलोमीटर जायची, आता जेमतेम आठ. मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले.

"तुमची युक्ती चुकली, की पेट्रोल कुठे तरी जातंय?" त्यांनी विचारले. मी आकड्यांचा कागद उलटा करून पाहिला. मग त्यांनी आवाज खाली आणला. "सुखदेवला मी परवा मोर्चात पाहिलं. निळा झेंडा घेऊन. दिवस असे आहेत. पेट्रोल कशाला लागतं, हे मी तुम्हाला सांगायला नको."

मला सांगायला नकोच होते. त्या दिवसांत गावोगाव घरे पेटली होती, आणि ती कुणाची होती हे शहरात सगळ्यांना ठाऊक होते. तरी संशय मात्र ज्यांची घरे जळाली त्यांच्यावरच घ्यायचा, हा हिशेब आमच्या कारखान्यात कुणाला चुकीचा वाटत नव्हता.

ठरले असे: पिशोरला एका शेतकऱ्याच्या पंपाची तक्रार होती. मी सुखदेवबरोबर जायचे, टाकी नजरेआड होऊ द्यायची नाही आणि येऊन लेखी अहवाल द्यायचा. अहवालात मीटरचा दोष निघाला तर ठीक, नाही तर सुखदेव उद्यापासून घरी. सुखदेवलाही हे कळले होते. अशा बातम्या कारखान्यात नोटीस लावण्याच्या आधी पोचतात.

सकाळी टाकी काठोकाठ भरून निघालो. वजन कमी व्हावे म्हणून मी टपावरचा कॅरिअर काढला, मागचे बाक काढले आणि स्टेपनीही काढून ठेवली.

"स्टेपनी ऱ्हाऊ द्या साहेब," सुखदेव म्हणाला.

"वीस-पंचवीस किलो वजन आहे ते."

"मग मी उतरतो की. मी साठ किलो हाये."

दौलताबादच्या बाजूला सीताफळांचे ढीग लागले होते. किल्ला उन्हात तांबूस दिसत होता आणि मी त्याच्याकडे न बघता मीटरकडे बघत होतो. चढ संपून उतार लागला तसा मी म्हणालो, "न्यूट्रल कर. इंजिन बंद कर. फुकटात खाली जाऊ."

"नाय करणार."

"मी सांगतोय."

"साहेब, उतारावर गाडी मोकळी सोडली की ती मंग कुणाचीच नसती. तुमचं पेट्रोल वाचंल, तुम्ही नाय वाचणार."

खुलताबादच्या वेशीजवळ मागचे चाक बसले. वजन वाचवल्याचा आनंद मी एका दगडावर बसून साजरा केला. पंक्चरवाल्या चाचांनी त्या लष्करी टायरला तीनदा प्रदक्षिणा घातली. "ये जीप का पहिया है या तोप का?" सुखदेव खाली मान घालून हसला. टायर रिंगेवरून उतरवायला चाचांना आणि त्यांच्या पोऱ्याला तासभर लागला. तेवढ्यात सुखदेवने कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवला, हवेची जाळी झटकून धुतली आणि राहिलेल्या तीन चाकांत हवा भरून घेतली. इंजिनाचा आवाज एकदम गुळगुळीत झाला. माझ्या लेखात हे सगळे शेवटच्या परिच्छेदात होते. मी शेवटपर्यंत वाचलाच नव्हता.

वेरूळ मागे पडल्यावर एका ठिकाणी सुखदेवने गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला दगड होता: कन्नड २०.

"काटा बघून लिवून ठेवा साहेब. आता आपुन दगड मोजू."

आम्ही दगड मोजले. सुखदेव मोठ्याने आकडा म्हणायचा, मी वहीत रेघ ओढायचो. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, मेंढरांचा एक कळप रस्ता ओलांडत होता, आणि आम्ही दोन वाढलेले पुरुष शाळेतल्या पोरांसारखे "अकरा, बारा" करत चाललो होतो. कन्नडच्या शेवटच्या दगडाशी गाडी थांबली. वहीत वीस रेघा होत्या. मीटर पुढे सरकला होता अठरा.

"वीस दगड, अठरा किलोमीटर," सुखदेव म्हणाला. "काटा बिघडला नाय साहेब. त्याला वाटतंय चाक जुनंच हाये. ते बिचारं जुन्या चाकाच्या मापानं फेऱ्या मोजतंय. दगड काय खोटं बोलत नायत, सरकारी असले तरी."

मी गणित केले. खरे किलोमीटर धरले तर जीप अजूनही लिटरला नऊच्या आसपास जात होती. पेट्रोल चोरीला गेलेच नव्हते, आणि माझ्या मोठ्या चाकांनी एक थेंबही वाचवला नव्हता. चोर नव्हता, मूर्ख मात्र होता, आणि तो डाव्या सीटवर बसला होता.

पिशोरला पंपात गाळ अडकला होता, दहा मिनिटांत निघाला. शेतकऱ्याने आग्रहाने जेवायला बसवले. पाट मांडताना त्याने अगदी अदबीने विचारले, "तुमचा माणूस गाडीपाशीच जेवतो ना?"

"हो," मी म्हणालो. "त्याला सवय आहे."

बाजरीची भाकरी, पिठले, वर कच्चे तेल. छान होते. खिडकीतून दिसत होते, सुखदेव बॉनेट उघडून इंजिनावर गरम केलेल्या आपल्या भाकरीचे फडके सोडत होता.

परतताना आम्ही पुन्हा दगड मोजले. पुन्हा विसाला अठरा. शहर दिसू लागले तसा सुखदेव प्रथमच अडखळत बोलला.

"साहेब, पेट्रोलचं लोकं वस्तीपातूर बोलायलेत. नोकरी गेली तर दुसरी बघंन. पर चोर म्हनून गेलो तर कोण किल्ली देईल हातात? तुम्ही सांगचाल ना?"

"सांगतो," मी म्हणालो. "वहीच दाखवतो."

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेलो तेव्हा वही खिशात होती. मॅनेजरसाहेबांनी चहा मागवला. चोरी थांबवली की वार्षिक समारंभात इंधन बचतीबद्दल माझा सत्कार करायचे त्यांच्या मनात होते, वरची जागाही रिकामी होत होती. "मग? मीटरमध्ये दोष आहे?" त्यांनी विचारले.

मी म्हणालो, "नाही सर. मीटरमध्ये दोष नाही."

हे वाक्य शब्दशः खरे होते. मीटर उत्तम होता. दोष चाकांत होता आणि चाके मी आणली होती, पण चाकांबद्दल त्यांनी विचारले नव्हते. अहवालात मी ते एकच वाक्य लिहिले आणि खाली सही केली. सुखदेवला त्याच आठवड्यात काढले. महिनाभर थांबून मी मूळचे टायर परत बसवले. आकडा आपोआप नऊवर आला. सगळे म्हणाले, बघा, चोर गेला आणि जीप सुधारली. समारंभात मला शाल मिळाली. ती अजून आहे. उबदार नाही.

पुढे विद्यापीठाचे नाव बदलले, शहराचेही बदलले. त्या अहवालातले वाक्य तेवढे कुणी बदलले नाही.

गेल्या वर्षी कळले की सुखदेव खुलताबादला मुलीकडे असतो. नातवाची जुनी एसयूव्ही घेऊन मी एकटाच निघालो. वाटेत दौलताबादला सीताफळे घेतली. रिकाम्या हाताने जायला नको म्हणून, म्हणजे हात तरी भरलेले असावेत म्हणून. तो अंगणात खाटेवर बसला होता. डोळ्यांना कमी दिसत होते, पण इंजिन बंद करण्याआधीच त्याने मान वर केली.

"डिझेल हाये. फिल्टर चोंदलाय. कोण हाय?"

मी नाव सांगितले. त्याने काठी चाचपून जवळ घेतली. मग मुलीला म्हणाला, "चहा टाक गं. कारखान्यातले साहेब आलेत."

"तुम्ही पुढे काय केलंत?" मी विचारले. त्याला 'तुम्ही' म्हणण्याची माझी ती पहिलीच वेळ होती.

"कोण किल्ली देतंय? धा-बारा वर्सं दगड फोडले. ह्याच रस्त्याचे. मंग एका काळी-पिवळीवाल्यानं जीप दिली चालवायला. त्याला ठाऊक नव्हतं."

चहा आला. तो मी संपवला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. रिकामाच होता.

"चाकं कंपनीचीच हायेत ना गाडीची?" सुखदेवने विचारले.

"कंपनीचीच."

"बरं केलं."

यापुढे सोपा उतार होता. एक वाक्य पुरे होते. मी घड्याळ पाहिले आणि उशीर होईल म्हणालो. तो फाटकापर्यंत काठी टेकत आला. "सावकास जावा. उतारावर न्यूट्रल करू नका."

मी केले नाही. दौलताबादच्या उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून, एकेक दगड मागे टाकत, शेजारच्या रिकाम्या सीटला मी ते वाक्य म्हणून दाखवले. तिथे सीताफळांची पिशवी होती. ती द्यायचीही राहून गेली होती.

"सुखदेवराव, तुम्ही दगड बरोबर मोजले होते. चाके माझी होती, हे मला त्या दिवशी कन्नडलाच कळले होते. मला माफ करा."