दादाचे शंभर हेडर

आमच्या दादाला नोकरी लागली ती डोक्याच्या जोरावर. अक्कल होती म्हणून नव्हे, तसा गैरसमज घरात कुणाचाच नव्हता. फुटबॉलमध्ये हेडर मारण्यात त्याचा हात धरणारा नाशिकरोडपासून मनमाडपर्यंत कुणी नव्हता, म्हणून एका कारखान्याने त्याला टीमसाठी उचललं आणि वर राहायला क्वार्टर दिलं. सत्तरचं दशक संपत आलं होतं, मी कॉलेजात होते, आणि त्या डोक्याची मशागत माझ्याकडे होती.

मशागत म्हणजे बॉल फेकायचा. कातडी बॉल रात्री चवळीसारखा बादलीत भिजत घालायचा. सकाळी तो इतका जड व्हायचा की माझा खांदा भरून यायचा. ओल्या बॉलची सवय झाली की मॅचमधला सुका बॉल फुलासारखा लागतो, असं टीममधल्या जुन्या खेळाडूंचं म्हणणं, आणि आम्हाला ते वेदवाक्य. अंगणात मी फेकायचे, दादा कपाळाने परत मारायचा, रोज शंभर. नळावरच्या बायका हंडे खाली ठेवून बघायच्या, दूधवाला सायकल टेकवून आकडे मोजायचा, आणि आई आतून खिडकीच्या काचेच्या नावाने ओरडत असायची. काय मजा यायची, सांगून खरं वाटणार नाही.

साठाच्या पुढे दादा आकडा विसरायचा. "किती झाले गं?" बहात्तर झालेले असले तरी मी ठोकून द्यायचे, "बावन्न!" नळावर सगळ्यांच्या तोंडाला पदर, दूधवालाही सामील, आणि तो बिचारा पुन्हा त्रेपन्नपासून सुरू. शेवटी पायरीवर बसून डोळे मिचकावत म्हणायचा, "चांदण्या दिसायला लागल्या." मी विचारायचे, "मोजल्यास का?" हसून हसून माझं पोट दुखायचं.

मग दादाचं लग्न झालं. वहिनी घोटीची, भातशेतीवाल्यांच्या घरातली. रोजचे हेडर आणि माझी आकड्यांची गंमत तशीच चालू राहिली. दोनेक वर्षं बरी गेली आणि दादाचा राग सुरू झाला. हा माणूस पूर्वी झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडायचा. आता आमटीत मीठ कमी पडलं की ताट भिरकावायचा, आणि तासाभराने विचारायचा, "या ताटाला पोचा कसा आला?"

घरात निदान झालं, डोक्यात उष्णता. टाळूवर एरंडेल, दुधात सब्जा, सकाळ-संध्याकाळ गुलकंद, वर केसांना मेंदी. आणि घाम गेला की उष्णता उतरते, म्हणून सराव वाढवला. शंभराचे दीडशे केले, आम्हीच, मोठ्या शहाण्यांनी. मेंदीने दादाचं डोकं केशरी झालं. मनमाडच्या मैदानावर पोरं ओरडली, "गाजर आलं, गाजर!" गाजराने डोक्यानेच दोन गोल केले. आम्ही घसा बसेपर्यंत नाचलो. घरी आल्यावर गाजराने भिंतीवर तांब्या फेकला.

नीट बघत होती ती एकटी वहिनी. एकदा आईला म्हणाली, "ही उष्णता नाय, आई. माझ्या बापाकडं टकरीचा एडका होता. आधी दुसऱ्या एडक्यांना टकरा द्यायचा, मग खुंट्याला, मग एक दिवस चारा घालणाऱ्या माझ्या आजालाच दिली. पावसाळ्यात मैदान बंद असलं की हे कसे गप ऱ्हातात, बघा."

यावर आम्ही काय करावं? दादाला एडका म्हणायला लागलो. तोही हसून बॅं करायचा.

एका रविवारी मॅचवरून आल्यावर दादाने चहा मागितला. वहिनी म्हणाली, "आत्ताच तर घेतला." त्याने बसायचा पाट उचलला आणि तिला मारला. कपाळाला चार टाके पडले. दवाखान्यातून आल्यावर तिने पिशवी भरली. दारात मला म्हणाली, "तो बॉल घरात हाय तोवर मी येणार नाय." घोटीची एसटी धरली आणि गेली.

दादा पायरीवर बसला. "मी मारलं तिला?" मी हो म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला रडू फुटलं. बॉलबद्दल वहिनी काय म्हणाली तेही सांगितलं, तसा तो आत गेला आणि विळी घेऊन आला. त्याने बॉलची हवा सोडली, दोन्ही हातांनी धरला, मी जोर लावला. कातडं चिवट, विळी हलेना, आई ओरडतेय की उद्या भाजी कशाने चिरायची. आम्ही रडता रडता हसत होतो.

फार पुढे एका डॉक्टरांनी सांगितलं की डोक्याला सारखे मार बसले की मेंदू दुखावतो, त्यातून विसर पडतो आणि असा रागही येऊ शकतो. दादाचं त्यानेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही म्हणाले. खेळ सुटल्यावर दादा निवळला, पण पुरता पहिल्यासारखा कधीच झाला नाही.

बॉल कापला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्याची दोन भकलं घेऊन घोटीला गेले. वहिनी ओट्यावर तांदूळ पाखडत होती, कपाळाला पट्टी. मी भकलं तिच्यापुढे ठेवली. ती आधी नुसती बघत राहिली, मग पट्टीवर हात दाबून हसायला लागली. "हसवू नको गं, टाके वढतात."

मला मात्र हसू येईना. म्हटलं, "वहिनी, शंभर कधीच नव्हते. मी आकडे चोरायचे."

"ठावं हाय. मी चुलीपाशी बसून मोजायचे."

"मग बोलली का नाहीस?"

तिने सूप खाली ठेवलं.

"मलाबी हसू यायचं ना."

दुपारच्या एसटीने आम्ही दोघी परत आलो.