पुलाचा मधला सांधा

नेपाळच्या सीमेवरच्या एका पुलावर थांबलो होतो. पुलाचा अलीकडचा भाग आपण रंगवतो, पलीकडचा ते रंगवतात. मधला हातभर लोखंडी सांधा मात्र गंजून पापुद्रे सुटलेला.

तिथे चहा विकणाऱ्या बाईंना मी कारण विचारलं.

“आपण रंगवला तर ते म्हणतात, हद्दीत घुसलात. त्यांनी रंगवला तर आपण तेच म्हणतो.”

मला संतापच आला. शेजाऱ्याचा बाजार हवा, भाषणात भाऊही तोच. पण त्याचा ब्रश आपल्या लोखंडाला लागला की लगेच हद्द आठवते.

तेवढ्यात मालाने भरलेला ट्रक आला. बाईंनी सवयीने किटली धरून ठेवली. चाक सांध्यावर चढलं तसं पायाखाली काहीतरी करकरलं.

“पूर्वी हा आवाज येत नव्हता,” बाई म्हणाल्या.

दोन्ही काठांवर ट्रकांची रांग वाढत होती.