मास्तरांचे ठणठणीत कुटुंब

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांची व माझी ओळख त्यांच्या दुकानात झाली. काज करणे, बटणे लावणे व तुरपाई करणे या कामासाठी मी त्यांच्याकडे लागले, त्याला आता एकोणीस वर्षे झाली. इतकी वर्षे एका छपराखाली बसल्यावर माणूस आतल्या बाजूनेही दिसू लागतो. मला जे दिसले त्याबद्दल मला आदर वाटला नाही. वाटला असे खोटे मी लिहिणार नाही.

त्यांच्या हातात कला होती, हे आधी मान्य करते. कॉलर बसवावी तर त्यांनीच. परंतु मशीनसमोर एकदा बसले की ते उठत नसत. खडू दोन हातांवर पडला असला तरी मागच्या खोलीत बसलेल्या मला हाक मारीत, "मावशी, जरा खडू द्या." मी अर्धे काज टाकून येत असे आणि त्यांच्या पायाजवळचा खडू उचलून त्यांच्या हातात देत असे. दुकानापासून त्यांचे घर एकशे चाळीस पावलांवर आहे. मी ती मोजली आहेत. तेवढ्यासाठी ते स्कूटर काढीत आणि ती उभी करायला जागा मिळाली नाही की साऱ्या गल्लीवर चिडत. सिगारेटचे एक पाकीट त्यांना दिवसभर पुरत नसे. ओढताना राख गिऱ्हाइकाच्या कापडावर पडू नये म्हणून डावा तळहात खाली धरीत. परक्याच्या कापडाची एवढी काळजी, आणि धूर मात्र सगळा स्वतःच्या छातीत. डब्यात तळलेले काही नसेल तर डबा परत घरी जाई. मीठ ते चव घेण्याआधीच घालीत.

शिवताना कापडात थोडी जास्तीची पट्टी आत दुमडून ठेवतात. पुढे कपडा सैल करायचा झाला तर ती कामी येते. आमच्या धंद्यात तिला माया म्हणतात. मास्तरांच्या पँटींना मायाच उरली नव्हती. दर वर्षी कंबर उसवायची आणि वाढवायची, हे काम माझ्याकडे असे. मी चौतीस इंचांपासून सुरुवात केली होती आणि बेचाळिसापर्यंत आले होते. ते म्हणत, "हल्ली कापडच खोटं येतं मावशी, धुतलं की आटतं." जो माणूस टेप गळ्यात घालून फिरतो, ज्याने हजार माणसांची पोटे मोजली आणि पाठीमागे त्यांना हसला, त्याने स्वतःच्या पोटाला एकदाही टेप लावली नाही. याला अज्ञान म्हणत नाहीत. अज्ञान कशाला म्हणतात ते मला ठाऊक आहे. याला माज म्हणतात.

पण मला सर्वांत अधिक तिटकारा होता तो त्यांच्या एका बढाईचा. गिऱ्हाइकाची छाती मोजता मोजता ते सांगत, "आमच्या घराण्यात कोणी अंथरूण धरलं नाही. आजोबा सत्तेचाळीसचे, ओट्यावर बसल्या बसल्या गेले. वडील चव्वेचाळीसचे, हातात कात्री होती. काका एक्केचाळीसचे, ताटावरून उठलेच नाहीत. दवाखान्याची पायरी चढलेला माणूस आमच्यात सापडायचा नाही."

गिऱ्हाईक म्हणे, "भाग्य लागतं हो असं मरण यायला."

मास्तर मान डोलावीत, जणू त्या मरणाचा सदरा त्यांनीच शिवला होता. तिघांच्या मागे तीन तरुण विधवा राहिल्या, हे त्या मोजमापात कधी येत नसे. दवाखान्याची पायरी ते चढले नाहीत याचे कारण पायरीपर्यंत पोचण्याआधीच ते संपले, हेही कोणी बोलत नसे. मास्तर तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते.

त्या वर्षी व्यापारी मंडळाने बाजाराच्या सभागृहात मोफत तपासणी ठेवली. मास्तरांच्या पत्नीने हट्टच धरल्यामुळे ते गेले. मीही रांगेत त्यांच्या मागे होते. टेबलापाशी बसलेली परिचारिका मान वर न करता छापील कागदावरचे प्रश्न विचारीत होती.

"कुटुंबात हृदयविकार आहे का?"

"कुटुंबाला काय धाड भरलीय. ठणठणीत आहे," मास्तर म्हणाले.

परिचारिका हसली, तिने "नाही" या शब्दापुढे खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जुन्या वळणाचे लोक पत्नीला कुटुंब म्हणतात. मास्तरांचे वडील तसे म्हणत, आणि तसे बोलण्यात मोठेपणा आहे असे मास्तरांना वाटे. पत्नीचे नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. म्हणून ज्या प्रश्नाचे उत्तर तीन मृत्यू असे होते, त्याचे उत्तर त्यांनी पत्नीच्या प्रकृतीवरून दिले. मागे उभ्या असलेल्या मलाही ते तेव्हा कळले नाही. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब थोडा वाढलेला निघाला. डॉक्टरांनी कागद पाहिला, सिगारेट सोडा म्हणाले आणि वर्षाने या असे सांगितले. रक्ताची तपासणी लिहून दिली नाही.

मास्तरांनी तो कागद आरशाशेजारी टाचणीने लावला. सिगारेटची ओळ सोडून बाकीचा ते गिऱ्हाइकांना वाचून दाखवीत. मी तेव्हा प्रौढांच्या वर्गात नुकतीच वाचायला शिकले होते आणि दिसेल तो कागद वाचीत असे. "कौटुंबिक इतिहास" ही ओळ मी तीन वेळा वाचली. आमच्या पुस्तकात कुटुंब या धड्याला चित्र होते. त्यात आजोबा, वडील, काका सगळे होते.

मी म्हणाले, "मास्तर, हे चुकीचं लिहिलंय. त्यांनी तुमच्या वडिलांचं विचारलं होतं. तुम्ही बाईंचं सांगितलंत."

"चार अक्षरं शिकलात तर आता मला कुटुंब शिकवता का मावशी?"

त्यांची पत्नी डबा घेऊन आली होती. तिने कागदाकडे पाहिले. "म्हणजे मी ठणठणीत आहे म्हणून तुम्हाला पास केलं? मग माझं पोट मोजायचं, तुम्ही कशाला गेलात?"

"तू गप बस."

"गप्पच आहे. उद्या जाऊन नीट सांगून या, एवढंच म्हणते."

"लोक हसतील. शिंप्याला साधा प्रश्न कळला नाही म्हणतील."

ते गेले नाहीत. लोक हसतील, हे त्यांचे कारण होते. मी रोज आठवण करून देत असे आणि ते रोज मशीन जोरात चालवीत असत. पुढे त्यांचा डावा हात भरून येऊ लागला. ते म्हणाले, कात्रीने. मी म्हणाले, कात्री तुम्ही उजव्या हाताने धरता. त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कापडाचा गठ्ठा माळ्यावर चढवताना त्यांना धाप लागली, तेव्हा ते म्हणाले, शिडी उभट आहे.

चार महिन्यांनी एका दुपारी ते एका कोटाची बाही लावीत होते. मशीन थांबले. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि चेहरा खडूसारखा झाला होता. "गॅस धरलाय," ते म्हणाले. "सोडा मागवा." मी सोडा मागवला नाही. मी समोरच्या रंगवाल्याला हाक मारली आणि त्याच्या टेम्पोत आम्ही दोघांनी त्यांना बसवले. "मला काही झालेलं नाही," असे ते वाटेत तीन वेळा म्हणाले. चौथ्या वेळी त्यांच्याने बोलवले नाही.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी पत्नीला विचारले, "यांच्या घरात कोणाला हृदयविकार?"

"सगळ्यांना," ती म्हणाली. "वडील, काका, आजोबा. एकानेही पन्नाशी पाहिली नाही."

"मग आधी तपासलं का नाही? वडील, काका इतक्या लवकर गेले असतील तर मुलाची रक्तातली चरबी, साखर, दाब सगळं विशीतिशीपासून बघायचं असतं. रक्त वाडवडिलांचं असतं, ते बदलता येत नाही. पण सिगारेट आणि दिवसभर बसून राहणं तर यांचं स्वतःचं होतं ना?"

तिने त्यांना कागदाची हकीकत सांगितली. डॉक्टर हसले नाहीत. बंद झालेल्या नळीत स्टेंट बसवून त्यांनी मास्तरांना वाचवले.

तिसऱ्या दिवशी मास्तरांचा धाकटा भाऊ परगावाहून आला. वय अडतीस, धंदा तोच, पोट मास्तरांहून पुढे, खिशात तेच पाकीट. खाटेशी उभा राहून तो म्हणाला, "काय रे दादा, तू आडवा कसा झालास? आपल्यात असं होत नाही. घराण्याचं नाव घालवलंस."

आणि तो हसला. शेजारच्या खाटेवरचा रोगीही हसला. मास्तर हसले नाहीत. ते भावाच्या पोटाकडे पाहत राहिले, शिंपी पाहतो तसे, नजरेने माप घेत.

"एकदा रक्त तपासून घे," ते म्हणाले.

"मला काय धाड भरलीय?" भाऊ म्हणाला, आणि सिगारेट ओढायला खाली गेला.

मास्तर बरे होऊन दुकानात आले म्हणून ते संत झाले असे कोणी समजू नये. आता ते स्टेंटची बढाई मारतात. चालत येतात, पण आल्याबरोबर किती पावले चाललो ते सर्वांना ऐकवतात, जणू आधी कोणी चाललेच नव्हते. ताटात मीठ जास्त लागले की घरच्यांवर ओरडतात, आणि हे मीठ वीस वर्षे कोण मागत होते हे विसरतात. सिगारेट मात्र सुटली आहे. त्यांच्याविषयी माझे मत फारसे बदललेले नाही.

परंतु एकदा दुकानात गिऱ्हाईक नव्हते, तेव्हा ते स्वतः उठून मागच्या खोलीत माझ्यापाशी आले. भावाला तीन वेळा फोन केला, तीनही वेळा त्याने थट्टेवारी नेले, असे ते म्हणाले. मग उभ्यानेच म्हणाले, "मावशी, तुम्ही त्याला एक पत्र लिहा. माझं तो हसण्यावारी नेतो. आजोबा, वडील, काका कितव्या वर्षी गेले तेवढंच लिहा, आणि खाली माझं वय घाला."