घरचा मध

वाईच्या पश्चिमेला, डोंगरालगतच्या गावात भाऊसोच्या सातेरी मधमाश्यांच्या पेट्या होत्या. त्याचा जांभळाचा मध न्यायला थेट सांगलीहून गिऱ्हाईक यायचं. म्हणून साताऱ्याच्या दवाखान्यात भार्गवी सिस्टरनं त्याच्या बायकोच्या, हरणाबाईच्या तळपायाच्या जखमेवर ट्यूबमधला मध लावला, तेव्हा त्याला हसूच फुटलं.

"आवं सिस्टर, माशा माझ्या दारात आन मध तुमी द्यायचा व्हय?"

"मामा, खायचा मध वेगळा. हा जंतू मारून खास जखमेसाठी केलेला असतो. मामींना साखर आहे, पायाला दुखलेलं कळत नाही. घरचं काही लावू नका."

"ह्यांच्या मधाला नावं ठेवू नगा बाई," हरणाबाई म्हणाली, "आज जेवायचं न्हाईत."

जखम भरू लागली. काळपट कडा जाऊन लाल, ताजं मांस दिसायला लागलं. सिस्टरनं घरी दिलेली ट्यूब संपली ती नेमकी मध काढायच्या हंगामात. साताऱ्याला जायला सवड नाही, असं भाऊसो सगळ्यांना सांगायचा. पण आपल्या मधाचा गुण त्याला दाखवायचाच होता. ताज्या पोळ्याचा मध फडक्यातून गाळून त्यानं पट्टी बांधली. मग रोजच बांधू लागला. बांधताना गुणगुणायचासुद्धा.

पट्टीला वास येऊ लागला, तर त्याला वाटलं, मध आतली घाण ओढून काढतोय. हरणाबाईला हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा तो गाडी करून साताऱ्याला धावला. पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

"माझ्या मधानंच झालं का, डॉक्टर?"

"नक्की नाही सांगता येणार. साखर वाढली होती, यायला उशीरही झाला."

डॉक्टर हो म्हणाले असते, तर ते एकदाच सोसून झालं असतं. आता दोष पुरता घेता येईना, टाकताही येईना.

शुद्धीवर आलेल्या बायकोपाशी त्यानं तोंड उघडलं. "ट्यूब मिळत हुती गं. मीच गेलो न्हाई."

"मला ठावं हाय."

"मग बोलली का न्हाईस?"

हरणाबाई म्हणाली, "लय हौसेनं बांधत हुतासा. लगीन झाल्यापासनं माझ्या पायाला कवा हात लावला हुतासा?"

भाऊसोनं मान खाली घातली.

"आवं, पेट्यांम्होरं पाणी ठेवलंसा का? ऊन लय हाय. माशा मरतील."

"ठेवलंय की," तो म्हणाला. साताऱ्याला आल्यापासून तो पेट्यांकडं फिरकलाही नव्हता.