उस्तीनाच्या हातचे दगड

उस्तीना कीव्हपासून तास-दीड तासावरच्या फास्तिव्ह गावी शाळेत स्वयंपाकीण होती, आणि भांडायला पक्की. नवरा ऐन उमेदीत गेला, पण लेकाला, दानिलोला, तिने कधी कुणाच्या तोंडाकडे बघायला लावलं नाही. नोव्हेंबरात कीव्हच्या चौकात सरकारविरुद्ध जमलेल्या कोवळ्या पोरापोरींना पोलिसांनी गुरासारखं झोडपलं, ते ऐकून तिने पळी आपटली. "ज्यांना आम्ही भरवून मोठं करायचं, त्यांना ही माजलेली माणसं बडवणार? माझ्याच्याने नाही बघवत!" दुसऱ्या सकाळी ती चौकात आंदोलकांच्या चुलीपाशी हजर.

एक गोष्ट मात्र तिने तिथे कुणाला सांगितली नव्हती. दानिलो त्याच वर्षी सक्तीच्या सैनिकी सेवेवर गेला होता, आणि सरकारने त्याची तुकडी चौकापुढे ढाली देऊन उभी केली होती. डिसेंबरभर ती चहाची किटली घेऊन त्या रांगेपुढून फिरायची. गारठलेली पोरं म्हणायची, "काकू, घोटभर द्या की." ती द्यायची, आणि एकेकाच्या शिरस्त्राणाखाली डोकावायची. तिचा त्यांत कधी सापडला नाही. मग एकदा त्याचा फोन आला. "आई, आम्हाला बराकीत परत पाठवलंय. आता नुसती झाडलोट." उस्तीनाने छातीवर क्रूस रेखला आणि चुलीआड जाऊन पोटभर रडली.

जानेवारीत सरकारने जमावबंदीचे कायदे केले, साधं हेल्मेट घालून मोर्चात जाणं हासुद्धा गुन्हा ठरला, आणि लोकांचं डोकं फिरलं. चौकाच्या वरच्या रस्त्यावर बसगाड्या पेटल्या, टायर पेटले. बायकांनी पहारी घेतल्या आणि रस्त्यातले फरशीचे दगड उखडायला सुरुवात केली. दगड हातोहात पुढे जायचे, पुढून पोरं ते सैनिकांच्या रांगेवर फेकायची. उस्तीनाही त्या साखळीत उभी राहिली. आपला लेक बराकीत आहे, मग भीती कसली?

शेजारी ओरिस्या, निवृत्त शिक्षिका, जिभेला हाड नसलेली. "अगं ए, दगड आहे तो, बाळ नाही! कडेवर काय घेतेस? दे पुढे!" बायका त्या धुरातही खो खो हसल्या, उस्तीनासुद्धा.

मधेच दानिलोचा फोन आला. तिने लांब जाऊन कान झाकत घेतला. "कुठे आहेस गं? आवाज कसला?" "घरीच रे. चर्चमधून सणाचं तीर्थ आणलंय, शेजारी टीव्ही लावलाय मोठ्यांदा. तू?" "बराकीत. आमच्याकडेही टीव्हीच." दोघांचा एकमेकांवर जीव, म्हणून दोघं थापा मारत होती. असला जीव काय चुलीत घालायचाय?

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याच नंबरावरून फोन वाजला, पण आवाज परका होता. "काकू, मी त्याचा दोस्त बोलतोय. बराकीबिराकीत नव्हतो आम्ही, वरच्या रस्त्यावरच होतो. त्याच्या तोंडावर दगड बसलाय. तुम्ही इथे कीव्हच्या सैनिकी इस्पितळात या."

उस्तीनाच्या हातात तेव्हाही दगड होता. तो तिने पुढे दिला नाही, खाली ठेवला. "काय झालं गं?" ओरिस्याने विचारलं. उस्तीना नुसती चालू लागली. वाटेत तिने देवाला किती शिव्या दिल्या आणि किती पाया पडली, तिचं तिलाच ठाऊक नाही. दगडावर नाव नसतं म्हणतात. आईला त्याचा काय उपयोग?

सैनिकी इस्पितळात दानिलोच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. डावा गेलाच होता, उजव्याचं डॉक्टर काही सांगत नव्हते. तिने त्याचा हात धरला.

"आई? इतक्या लवकर कशी आलीस फास्तिव्हहून?"

तिने दुसऱ्या हाताने त्याचं पांघरूण सारखं केलं.

"बायका दगड पुरवत होत्या गं," तो म्हणाला. "तुझ्या वयाच्या. मला वाटायचं, यांना पोरं नसतील काय?" मग तिचा हात त्याने नाकाशी नेला आणि तसाच थांबला. "टायरचा वास येतोय तुझ्या हाताला."

खोटं तोंडावर आलं होतं, तिने ते गिळलं. "होते मी तिथे. त्याच साखळीत होते, बाळा. तू बराकीत आहेस म्हणालास ना रे!"

दानिलोने तिचा हात सोडला. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला, तर त्याने मान बाजूला घेतली.

"सिस्टर," त्याने हाक मारली, "या बाईंना बाहेर न्या."