दुसऱ्या गार्डची जागा

नातीच्या जागी कुणाला आणायचं यावर आमच्याच घरात दोन महिने चर्चा चालली होती आणि त्या चर्चेला चहा मी करत होते. हे प्रकरण मला आजही धड समजलेलं नाही. तरी सांगून बघते.

आम्ही तेव्हा शारजात राहत होतो. लेक हमरिया फ्री झोनमध्ये एका पाइपांच्या कंपनीत होता, सून एका दवाखान्यात रिसेप्शनला. नात तिथेच वाढलेली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि मुलींच्या बास्केटबॉल संघात होती. मी चौथी शिकलेली. नवरा गेल्यावर लेकाने तिकडे नेलं म्हणून गेले. आवड म्हणून नव्हे.

मंदी आली ती मला खिडकीतून कळली. समोर तीन क्रेन दिसायच्या, त्या हलायच्या थांबल्या. मग इमारतीतली बिऱ्हाडं कमी व्हायला लागली. बापाची नोकरी गेली की व्हिसा जायचा, आणि व्हिसा गेला की सामान बांधायचं. नातीच्या संघातल्या दोन मुली अशाच निघून गेल्या. दोघीही गार्ड होत्या. पाचजणी खेळतात त्यात दोन गार्ड असतात. चेंडू मागून पुढे आणायचा आणि योग्य वेळी दुसरीच्या हातात द्यायचा, हे त्यांचं काम. नात त्या दोघींच्या मागे तिसरी होती. दीड वर्ष ती बाकावर बसून दुसऱ्यांना टॉवेल देत होती. त्या गेल्या तेव्हा मार्चमध्ये तिला पहिल्या पाचात घेतलं. बूट न काढता ती सरळ स्वयंपाकघरात आली होती, एवढा तिला आनंद झाला होता. मी ओरडले बुटांवरून.

आता दुसऱ्या कॉलेजात शिकणारी मुलगी आपल्या कॉलेजात आणायची आणि आपल्याकडून खेळवायची, याला ते ट्रान्सफर म्हणत. कोचने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, दोन गार्ड शोधा, कॉलेजात प्रवेश मी मिळवून देतो. एक तर सापडलीच होती. अजमानच्या एका मल्याळी मुलीने स्वतःहून अर्ज केला होता. चर्चा होती ती दुसरीची. आणि दुसऱ्या गार्डच्या जागेवर आमची नात होती.

शुक्रवारी जेवणं झाली की शेजारचे पुणेकर यायचे. बांधकाम कंपनीतली त्यांची नोकरी जानेवारीत गेली होती. बायको शाळेत शिकवायची, तिच्या व्हिसावर ते राहिले होते. वेळच वेळ होता. संघाचा एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता. जन्मभर क्रिकेट पाहिलेली ही माणसं, पण बोलायची अशी की जणू बास्केटबॉल यांच्या आजोबांनी काढला.

"दुबईची ती लेबनीज मुलगी आणा," लेक म्हणायचा. "लांबून टाकते बघा ती. दहातले पाच आत."

"आणि बाकीचे पाच?" पुणेकर विचारायचे. "बॉल देते का कुणाला? उरलेल्या चौघींनी काय फरशी पुसायची?"

"साहेब, शेवटी पॉइंट मोजतात."

"हबीबी, गार्डने पॉइंट करायचे की खेळ चालवायचा? अबू धाबीची ती आपली मराठी मुलगी बघ. मागे न बघता पास देते. तिला पाठीला डोळे आहेत."

"मराठी म्हणून सांगताय."

"मराठी म्हणून नाही. गेल्या महिन्यात तिने एकटीने आपल्याला हरवलं म्हणून सांगतोय."

नात खाली गालिच्यावर बसलेली असायची. ती म्हणाली, "अंकल इज राइट, बाबा. शी सीज एव्हरीथिंग."

मी कप ठेवता ठेवता विचारलं, "जागा दोन, नव्या पोरी दोन. मग आपली कुठे बसणार?"

पुणेकर म्हणाले, "काकू, पुढच्या वेळी साखर जरा कमी."

आतून सून म्हणाली, "एक येतेय ना? पुरे की एक."

"तुला खेळातलं कळत नाही," लेक म्हणाला.

हाच माझा लेक रोज कंपनीतून आला की सांगायचा, आज अमक्याला काढलं, त्याच्या जागी कमी पगाराचा आणला. आपली पाळी कधी येते या भीतीने त्याचं जेवणात लक्ष नसायचं. आणि शुक्रवारी तोच पोटच्या पोरीच्या जागी कोण बसवायची यावर आवाज चढवायचा. मी नातीला एकटीला गाठून विचारलं, "तुला हाकलायला माणूस तूच शोधतेस?"

"आजी, वुई हॅव टू विन."

"बाकावर बसून जिंकशील?"

"येस."

"मग त्यात तुझं काय?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलंय. मग कानात वायरी घातल्या.

शेवटी अबू धाबीची ठरली. नातीने तिला फोनवर विचारलं, ती एका पायावर तयार होती. "पण आमचे बाबा ऐकणार नाहीत, तुम्ही घरी येऊन बोला," असं ती म्हणाली. पुणेकरांनी तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीने तिच्या वडिलांचा नंबर काढला आणि आमच्या हॉलमधूनच फोन लावला. मी समोर बसले होते.

"तुमच्या मुलीच्या संदर्भात जरा भेटायचं होतं. छे छे, फोनवर नको, अशा गोष्टी समोर बसून बोललेल्या बऱ्या. आम्ही चौघं येऊ. घरच्या आजीही येतील."

मला कशाला, विचारलं तर म्हणाले, "काकू, वडील माणूस बरोबर असलं की वजन पडतं." सुनेने जाताना पेढ्यांचा डबा दिला. चाळीस दिरहम, म्हणजे पाचशे रुपये झाले, हे तिने दोनदा सांगितलं. शिवाय त्या मुलीची ओटी भरायला म्हणून खण-नारळ दिला. रिकाम्या हाताने कसं जायचं, हा तिचा विचार.

अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीपर्यंत पावणेदोन तास लागले. लेक, पुणेकर, मी आणि नात. एका व्हिलाचे भाग करून भाड्याने दिलेले होते, त्यातल्या वरच्या भागात ते राहत होते. मुलीचे वडील इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. सोफ्यावर नव्या चादरी. पाच मिनिटांत ती मुलगी साडी नेसून पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. मला वाटलं, बास्केटबॉल खेळणारी पोर घरी साडी नेसते, चांगलं वळण आहे. नात मात्र तिच्याकडे डोळे मोठे करून बघत होती.

मागून तिची आई म्हणाली, "नमस्कार कर सगळ्यांना. आजींना आधी. नुसता वाकून कर, बसू नकोस खाली."

मुलगी माझ्या पायाशी वाकली. उजवा पाय काठीसारखा सरळ ठेवून, तो थोडा मागे नेऊन, सगळं वजन डाव्यावर घेऊन वाकली. मी पंधरा वर्षं अशीच वाकते. माझा उजवा गुडघा गेलाय. मी तिच्या दंडाला धरलं आणि हळूच विचारलं, "कधीपासून?"

तिचा चेहरा उतरला. "आजी, प्लीज," एवढंच म्हणाली आणि उभी राहिली.

मग तिची आई मला घर दाखवायला आत घेऊन गेली. विचारते, "पत्रिका आणलीय का? आमच्या मुलीला मंगळ नाही."

मला वाटलं कॉलेजला लागत असेल. त्या देशात कोणत्या कागदावर कुणाचा शिक्का लागेल, सांगता येत नाही. मी म्हटलं, "ते पुणेकरांना विचारा, कागदपत्रं तेच बघतात."

बाहेर आलो तर पुणेकर पोहे खात विचारत होते, "उंची पाच आठ ना?"

"पाच साडेसात," वडील म्हणाले. "आधीच सांगतो. उंच मुलगी म्हणून दोन ठिकाणी अडलं होतं."

"अडलं? अहो, आम्हाला उंचीच तर हवी!"

वडिलांचा चेहरा खुलला. "आणि शिक्षण मात्र पूर्ण करू द्यावं, एवढीच आमची अट."

"म्हणजे काय! त्यासाठीच तर नेतोय. तब्येत एकदम ठणठणीत ना?"

"ठणठणीत," आई आणि मुलगी एकदम म्हणाल्या.

मी नातीकडे पाहिलं. ती ट्रेकडे बघत होती. मला फक्त गप्प बसायचं होतं. तेवढंच काम होतं. मी म्हटलं, "ठणठणीत कुठली? हिचा उजवा गुडघा वाकत नाही."

तिची आई माझ्यावरच उसळली. "काय हो आजी, एवढ्याशा गुडघ्यावरून नकार देणार? लग्नानंतर तिला काय जमिनी सारवायला न्यायचीय?"

"कसलं लग्न?" पुणेकर म्हणाले. चमचा त्यांच्या हातातच राहिला.

"तुमच्या मुलाचं!"

"माझा मुलगा सातवीत आहे!"

मग सगळा उलगडा झाला आणि तो कुणालाच आवडला नाही. मंडळाच्या ओळखीने फोन, समोर बसून बोलायची गोष्ट, बरोबर म्हातारी, पेढे, खण-नारळ. त्या माणसाने दुसरं काय समजायचं होतं? त्यांच्या कंपनीतही माणसं कमी करत होते. परत जायच्या आधी मुलीचं कुठे ठरलं तर बरं, असं त्या दोघांनी मनाशी धरलं होतं. मुलीला खरं ठाऊक होतं. पण बास्केटबॉल म्हटलं असतं तर बापाने आम्हाला दारातूनच परत पाठवलं असतं, म्हणून तिने आईबापांना समजायचं ते समजू दिलं. आई गुडघा लपवत होती ते स्थळ जाऊ नये म्हणून. मुलगी लपवत होती ती खेळ जाऊ नये म्हणून. एकच गुडघा. वडील आमच्याशी शेवटपर्यंत सभ्यपणे बोलले, पण पेढ्यांचा डबा आमच्याबरोबर परत पाठवला. मुलगी बाहेर आलीच नाही.

गाडीत पुणेकर म्हणाले, "काकू, बोलायच्या आधी आम्हाला खूण तरी करायची." अर्धा रस्ता झाल्यावर नातीने मागे वळून विचारलं, "आजी, हू वॉज दॅट फॉर? कोणासाठी बोललीस? माझ्यासाठी?"

मी म्हटलं, "दिसलं ते बोलले."

"दॅट्स नॉट ॲन आन्सर."

नव्हतंच ते उत्तर. मी त्या मुलीचा गुडघा पाहिला तेव्हा मला आधी माझा गुडघा आठवला, हे खरं. आणि लगेच नातीची जागा आठवली, हेही खरं. कुठलं आधी तोंडाशी आलं ते मला सांगता येत नाही. मी खोटं बोलत नाही म्हणून लोक मला घाबरतात, पण त्या वेळी खरं काय ते मलाच माहीत नव्हतं.

लेबनीज मुलीचं बिऱ्हाडही त्या उन्हाळ्यात सामान बांधून गेलं. म्हणजे अजमानची एकटीच आली आणि दुसऱ्या गार्डच्या जागी वर्षभर आमची नात खेळली. बरी खेळली म्हणतात. मी दोन सामने पाहिले. मला ती नुसती पळताना दिसली.

पुढच्या वर्षी अबू धाबीची आली. त्या पेढ्यांच्या प्रकरणानंतर वडिलांनी तिला पुण्याला नेऊन गुडघा दाखवला होता. ऑपरेशन झालं, आठ महिने व्यायाम झाला. वडिलांची नोकरी टिकली होती. आणि त्यांनी स्वतःच पुणेकरांना फोन केला, या वेळी काय ते फोनवरच बोलू म्हणाले. ती आली आणि कोचने तिला सरळ पहिल्या पाचात घातलं. आमची नात परत बाकावर.

त्या दिवशी घरी आल्यावर तिने बूट दारात काढले. माझ्या शेजारी बसली आणि हिशोब मांडावा तसं सांगायला लागली. "आजी, तू तेव्हा बोलली नसतीस, तर ती त्या गुडघ्यावर खेळली असती. एक-दोन महिन्यांत खलास. कायमची. मग दोन्ही वर्षं मीच खेळले असते."

मी बोटांवर मोजून पाहिलं. बरोबर होतं. "म्हणजे मी चुकले?"

"आय डिडन्ट से दॅट."

"मग काय म्हणतेस?"

ती म्हणाली, "काही नाही. शनिवारी मॅच आहे, येशील? ती काय पास देते, बघ."

मी गेले. दोघी पलीकडे होत्या, एक मैदानात आणि एक बाकावर. मधल्या वेळात ती पोर येऊन नातीशेजारी बसली, नातीने तिच्या गुडघ्याची पट्टी सोडून पुन्हा घट्ट बांधली आणि पाठीवर थाप मारून तिला परत पाठवलं. पास काय असतो ते मला तेव्हाही दिसलं नाही. मी बाकाकडेच बघत होते. नात टॉवेल हातात घेऊन उभी राहून ओरडत होती, आपल्या जागी आलेल्या पोरीसाठी ओरडावं तसं नव्हे, तर अगदी बेंबीच्या देठापासून. का, ते मी तिला अजून विचारलेलं नाही.